राजकीय देणग्यांवरील करसवलत : घेणाऱ्याचाही हिशेब जुळला पाहिजे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने महाराष्ट्रासह तमिळनाडू, दिल्ली, गुजरात, पंजाब आणि मध्य प्रदेशात खोट्या वजावटी मिळवून देणाऱ्या मध्यस्थांवर कारवाई केली, तेव्हा घरभाडे, वैद्यकीय विमा आणि शैक्षणिक कर्ज यांच्या जोडीने कलम ८०जीजीसी, म्हणजे राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवरील वजावट, हिचाही ठळक उल्लेख झाला. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी अद्ययावत विवरणपत्रे भरून अशा विविध वजावटींचे एकूण १,०४५ कोटी रुपयांचे चुकीचे दावे मागे घेतल्याचेही खात्याने त्याच वेळी जाहीर केले. बातम्यांचा रोख साहजिकच नोकरदार करदात्यांवर आणि त्यांची विवरणपत्रे भरून देणाऱ्या एजंटांवर राहिला. परंतु देणगीची पावती ज्या पक्षाच्या नावाने फाडली जाते, त्या पक्षाकडे आपला कायदा नेमके काय मागतो आणि काय मागायचे सोडून देतो, हा प्रश्न त्या चर्चेत जवळजवळ आलाच नाही. त्याविषयी काही मुद्दे आपल्या वाचकांसमोर मांडावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे.

१९६१ च्या आयकर कायद्यात कंपन्यांसाठी ८०जीजीबी आणि व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंबे, भागीदारी संस्था इत्यादींसाठी ८०जीजीसी ही दोन कलमे २००३ च्या दुरुस्तीने आली (या पत्रातील आयकराच्या कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक याच १९६१ च्या कायद्याखालील आहेत). लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ए खाली नोंदणी झालेल्या कोणत्याही पक्षाला देणगी दिली, तर ती रक्कम देणाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून शंभर टक्के वजा होते आणि तिला रकमेची कमाल मर्यादा नाही. २०१३ च्या वित्त कायद्याने रोख देणगीला या सवलतीतून वगळले, तेवढीच काय ती अट. जुनी करप्रणाली निवडलेला आणि तीस टक्क्यांच्या टप्प्यात येणारा एखादा करदाता एक लाख रुपये पक्षाला देतो, तेव्हा उपकरासह त्याचा ३१,२०० रुपये कर वाचतो. आता समजा, तो पक्ष नावापुरताच आहे आणि पाच हजार रुपये कापून घेऊन उरलेले पंच्याण्णव हजार त्याने रोखीने परत केले, तर देणगीदाराच्या पदरात २६,२०० रुपये पडतात, पक्षाच्या चालकाला पाच हजार मिळतात आणि सरकारी तिजोरीतून ३१,२०० रुपये जातात. एजंटांच्या कमिशनचा दर कमी-जास्त असेल, पण व्यवहाराचे गणित हेच आहे. बँकेच्या खातेउताऱ्यावर सर्व काही नियमानुसार दिसते, कारण कायद्याने मागितलेला पुरावा एवढाच आहे की पैसे बँकेतून गेले.

मी एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचा खजिनदार म्हणून काम पाहतो, त्यामुळे करसवलतीच्या देणगीचा दुसरा एक नमुना माझ्या रोजच्या कामात आहे, आणि या दोहोंतील अंतर मला फार खटकते. आमच्या संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे आणि आयकर कायद्याच्या कलम ८०जी खाली मान्यता आहे. आम्हाला देणगी देणाऱ्याला निम्म्याच रकमेची वजावट मिळते, तीही त्याच्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणजे वर सांगितलेल्या करदात्याने तेच एक लाख रुपये वाचनालयाला दिले, तर त्याचे फार तर १५,६०० रुपये वाचतील. ही वजावट त्याला मिळावी म्हणून आम्ही वर्ष संपल्यावर ३१ मेपूर्वी फॉर्म १०बीडी मध्ये प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन किंवा आधार क्रमांक आणि रक्कम आयकर खात्याला कळवतो आणि त्यावरून तयार होणारे १०बीई हे प्रमाणपत्र देणगीदाराला देतो. विवरण भरायला उशीर झाला, तर दिवसाला दोनशे रुपये शुल्क लागते आणि वर दंडाची तरतूद आहे. मिळालेल्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग संस्थेच्या उद्दिष्टांवर खर्च झाला पाहिजे, अन्यथा तो का शिल्लक ठेवला हे सांगावे लागते. निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्या पुढे गेल्या, तर जास्तीच्या रकमेवर तीस टक्के दराने कर लागतो. ८०जी ची मान्यताही कायमची नसते. ठरावीक वर्षांनी ती नव्याने मागावी लागते.

या अटी जाचक आहेत असे माझे म्हणणे नाही. लोकांनी कर भरण्याऐवजी आम्हाला पैसे दिले आणि सरकारने त्या करावर पाणी सोडले, तर त्या पैशाचा हिशेब देणे हे आमचे कर्तव्यच आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की, यांपैकी एकही अट राजकीय पक्षाला त्याच स्वरूपात का लागू नाही? पक्षाला १०बीडी सारखे देणगीदारनिहाय विवरण आयकर खात्याला द्यावे लागत नाही, उत्पन्नाचा अमुक भाग खर्च केलाच पाहिजे असे बंधन नाही, निनावी देणगीवर कर नाही आणि सवलतीचे नूतनीकरणही नाही. २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून (म्हणजे आदल्या आर्थिक वर्षातील उत्पन्नावरचा कर ज्या वर्षी ठरतो, त्या वर्षापासून) ८०जीजीसी ची वजावट मागणाऱ्या करदात्याला देणगीची तारीख, रक्कम, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी कोड विवरणपत्रात लिहावा लागतो. ही सुधारणा चांगली आहे, पण तीसुद्धा देणाऱ्यालाच प्रश्न विचारते. घेणाऱ्याने दिलेल्या यादीशी ताडून पाहण्याची सोयच नसेल, तर देणाऱ्याने लिहिलेला आकडा खरा की खोटा हे धाड पडेपर्यंत कसे कळणार?

पक्षाला स्वतःला मिळणारी करमाफी कलम १३ए मध्ये आहे. १९७८ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमाखाली पक्षाचे घरभाड्याचे उत्पन्न, भांडवली नफा, ठेवींवरील व्याज आणि ऐच्छिक देणग्या हे सर्व करमुक्त आहे. त्याच्या बदल्यात हिशेब ठेवणे, त्यांचे लेखापरीक्षण करून घेणे, वीस हजार रुपयांपेक्षा जास्त देणगी देणाऱ्याचे नाव व पत्ता नोंदवणे आणि मुदतीत विवरणपत्र भरणे अशा अटी आहेत. अटी कागदावर असल्या, तरी प्रमुख पक्ष वर्षानुवर्षे विवरणपत्रेच भरत नव्हते. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की विवरणपत्र भरणे पक्षांवर बंधनकारक आहे. कायद्यात आधीपासून स्पष्ट लिहिलेली गोष्ट पाळून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागावे, यावरून शासनयंत्रणेची या बाबतीतील अनास्था लक्षात येते.

सगळ्यात मोठी फट दोन हजार आणि वीस हजार या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१६ मध्ये अशी शिफारस केली होती की दोन हजार रुपये किंवा त्याहून अधिक रकमेच्या निनावी देणग्यांना बंदी असावी. २०१७ च्या वित्त कायद्याने त्यातला दोन हजारांचा आकडा उचलला, पण तो फक्त रोख रकमेला लावला : दोन हजारांहून अधिक देणगी पक्षाने रोख घेतली, तर कलम १३ए ची अट मोडते. देणगीदाराचे नाव निवडणूक आयोगाला कळवण्याची मर्यादा मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९सी मध्ये वीस हजारांवर तशीच राहिली. परिणामी वीस हजारांपर्यंतची देणगी बँकेतून आली, तरी देणाऱ्याचे नाव लोकांपुढे येत नाही, आणि दोन हजारांपर्यंतची देणगी रोख आली, तर नाव नोंदवण्याचेही कारण उरत नाही. कितीही मोठी रक्कम अनेक छोट्या पावत्यांमध्ये वाटून दाखवता येईल, आणि त्या पावत्यांमागे खरोखर माणसे होती का हे तपासण्याचे साधन ना आयोगाजवळ आहे, ना आयकर अधिकाऱ्याजवळ. सप्टेंबर २०२२ मध्ये तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी कायदामंत्र्यांना पत्र लिहून ही मर्यादा दोन हजारांवर आणावी आणि रोख देणग्यांचे एकूण प्रमाण वीस टक्के किंवा वीस कोटी रुपये, यांतील कमी असेल त्या रकमेइतकेच असावे, असे पुन्हा सुचवले. त्याआधी न्या. ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २०१५ मधील आपल्या २५५ व्या अहवालात असे म्हटले होते की वीस हजारांखालील देणग्यांची बेरीज वीस कोटी रुपये किंवा पक्षाच्या एकूण देणग्यांच्या वीस टक्के यांपेक्षा जास्त झाली, तर त्या देणगीदारांचीही नावे जाहीर व्हावीत. शिफारशी आहेत, त्या पुरेशा नेमक्या आहेत आणि वेगवेगळ्या संस्थांनी स्वतंत्रपणे केलेल्या आहेत.

येथे एक बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बहुजन समाज पक्षाने अनेक वर्षे वीस हजारांवरील एकही देणगी मिळाली नसल्याचे आयोगाला कळवले आहे, आणि आपले समर्थक गरीब असून ते लहान लहान रकमा देतात, अशी त्या पक्षाची भूमिका राहिली आहे. ज्या पक्षाचा पाया मजूर, शेतकरी आणि लहान नोकरदार यांच्यात आहे, त्याला शंभर-दोनशे रुपयांच्या वर्गणीवरच चालावे लागते, आणि महाराष्ट्रातील अनेक चळवळी अशाच वर्गणीवर उभ्या राहिल्या. सभेत फिरवलेल्या झोळीत पन्नास रुपये टाकणाऱ्या माणसाकडे पॅन क्रमांक मागणे मला मान्य नाही. सत्ताधाऱ्यांच्या रोषाची भीती असलेल्या गावात विरोधी पक्षाला वर्गणी देणाऱ्याचे नाव उघड होऊ नये, हेही मला पटते. परंतु या माणसाला आजच्या कायद्यात कोणतीच सवलत नाही : त्याने रोख दिले म्हणून वजावट नाही, आणि बहुतेक वेळा त्याचे उत्पन्नही करपात्र नसते. सवलतीचा सगळा लाभ मोठ्या उत्पन्नाच्या देणगीदाराला आहे. म्हणून झोळीतील वर्गणीचे नाव पुढे करून मोठ्या देणग्यांवरचा पडदा राखणे हा त्या गरीब समर्थकावरही अन्याय आहे. ज्याला कर वाचवायचा आहे त्याने नाव द्यावे आणि ज्याला नाव द्यायचे नाही त्याने कर वाचवू नये, अशी सरळ रेषा येथे आखता येते.

कलम २९सी मध्येच असे लिहिले आहे की वीस हजारांवरील देणग्यांचा अहवाल, म्हणजे फॉर्म २४ए, मुदतीत न देणारा पक्ष करसवलतीला पात्र राहणार नाही. या तरतुदीचे प्रत्यक्षात काय होते, ते मे २०२२ मध्ये निवडणूक आयोगानेच प्रसिद्ध केलेल्या माहितीवरून दिसते. महसूल विभागाकडून आयोगाला मिळालेल्या आकड्यांनुसार २०१८-१९ मध्ये नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या, म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य पक्षाचा दर्जा नसलेल्या, १९९ पक्षांनी ४४५ कोटी रुपयांची आणि २०१९-२० मध्ये अशा २१९ पक्षांनी ६०८ कोटी रुपयांची करमाफी मागितली होती, आणि यांपैकी ६६ पक्षांनी फॉर्म २४ए दिलेलाच नव्हता. म्हणजे सवलतीची पहिली अट पूर्ण न करता सवलत मागितली गेली, आणि एका सरकारी कार्यालयातील नोंद दुसऱ्या कार्यालयातील नोंदीशी लावून पाहिली असती, तर जे पहिल्याच दिवशी थांबले असते, ते वर्षांनंतर आकडेवारीत उघड झाले.

याच्या शेजारी काँग्रेस पक्षाचे प्रकरण ठेवून पाहावे. २०१८-१९ या करनिर्धारण वर्षासाठी त्या पक्षाने ३१ डिसेंबर २०१८ या मुदतीऐवजी २ फेब्रुवारी २०१९ रोजी विवरणपत्र भरले, आणि सुमारे १४.४९ लाख रुपयांच्या देणग्या दोन हजारांच्या मर्यादेबाहेर रोखीने घेतल्याचे आढळले. या कारणांवरून १९९ कोटींहून अधिक रकमेची करमाफी नाकारण्यात आली, २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर पक्षाच्या खात्यांतून वसुलीही झाली, आणि जुलै २०२५ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाने पक्षाचे अपील फेटाळले. कायद्याचे शब्द पाहता न्यायाधिकरणाचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. सवलत मागणाऱ्याने अटी काटेकोरपणे पाळल्याच पाहिजेत, हे तत्त्व आमच्या वाचनालयालाही लागू आहे. पण ज्या व्यवस्थेत एका राष्ट्रीय पक्षाची संपूर्ण करमाफी काही आठवड्यांच्या उशिरामुळे जाते आणि त्याच व्यवस्थेत अहवालच न देणारे डझनावारी पक्ष सवलतीचा दावा करू शकतात, त्या व्यवस्थेत नियम कोणाला केव्हा लावायचा हे अधिकाऱ्याच्या आणि त्याच्यावरील सरकारच्या हाती राहते. आज जो पक्ष सत्तेत आहे त्याने हा अधिकार कसा वापरला, यावर लोकांची मते वेगळी असू शकतात, परंतु उद्या जो सत्तेत येईल त्याच्याही हाती तो असणार आहे. म्हणून हा प्रश्न एखाद्या पक्षाचा म्हणून पाहिला जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तपासणी आपोआप, सर्वांची, दरवर्षी आणि एकाच पद्धतीने झाली, तर निवडणुकीच्या महिन्यात कोणाची खाती गोठवायची हा प्रश्नच निर्माण होणार नाही. शिवाय चूक जेवढी, तेवढीच शिक्षा असावी. चौदा लाखांच्या चुकीसाठी त्या चौदा लाखांवर कर आणि दंड घेणे योग्य ठरेल. उशिरासाठी दिवसागणिक शुल्क योग्य ठरेल. सर्वच उत्पन्न करपात्र ठरवणारी तरतूद इतकी कठोर आहे की ती सर्वांना सारखी लावण्याचे धाडस कोणी करणार नाही, आणि म्हणूनच ती निवडक वापराला सोयीची ठरते.

मान्यता नसलेल्या पक्षांची संख्या हा या प्रश्नाचा दुसरा भाग. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी असे २,३५४ पक्ष नोंदलेले होते आणि त्यांतील ६२३ पक्षांनीच निवडणूक लढवली. २०२२ पर्यंत ही संख्या २,७९६ वर गेली. त्या वर्षी आयोगाने पत्त्यावर न सापडणारे पक्ष यादीतून काढायला सुरुवात केली, सप्टेंबरमध्ये आयकर खात्याच्या धाडीही झाल्या, आणि पुढे २०२५ मध्ये सलग सहा वर्षे एकही निवडणूक न लढवलेले पक्ष काढण्याची मोहीम झाली. ऑगस्टमध्ये ३३४ आणि सप्टेंबरमध्ये ४७४ असे ८०८ पक्ष दोन महिन्यांत यादीबाहेर गेले. हे काम स्वागतार्ह आहे. मात्र नोंदणी एकदा दिल्यावर ती रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे. फसवणुकीने मिळवलेली नोंदणी यांसारखे मोजके अपवाद त्यात आहेत. संसदेने कायद्यात दुरुस्ती करून हा अधिकार आणि त्याच्या कसोट्या स्पष्टपणे लिहाव्यात, ही आयोगाची मागणी जुनी आहे आणि ती योग्य आहे. पक्ष यादीतून गेल्यावर त्याने आधीच्या वर्षांत किती रकमेच्या पावत्या दिल्या याचा शोध देणगीदारांना नोटिसा पाठवून घ्यावा लागतो, आणि त्यात ज्याने खरोखर विश्वासाने देणगी दिली असेल, त्याच्यावरही सिद्ध करण्याचे ओझे येते.

कसोटी ठरवताना मात्र काळजी हवी. आयोगाने २०१६ मध्ये असेही सुचवले होते की जे पक्ष लोकसभा किंवा विधानसभेची निवडणूक लढवून जागा जिंकतील, त्यांनाच करमाफी असावी. ‘लढवून’ येथपर्यंत मी सहमत आहे, ‘जिंकतील’ याला माझा विरोध आहे. नवा पक्ष पहिल्या एक-दोन निवडणुकांत बहुधा हरतोच, आणि त्याच काळात त्याला निधीची सर्वांत जास्त गरज असते. जिंकणाऱ्यालाच सवलत दिली, तर सवलत प्रस्थापितांची मक्तेदारी होईल. त्याचप्रमाणे सहा वर्षांची मोजदाद करताना महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांच्या निवडणुकाही धरल्या गेल्या पाहिजेत. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे केंद्रीय आयोगाच्या हिशेबात त्या येत नाहीत. पण एखाद्या शहरात पाण्याच्या किंवा कचऱ्याच्या प्रश्नावर मनापासून काम करणारा लहान पक्ष केवळ नगरपालिका लढवत असेल, तर तो बनावट ठरू नये.

कंपन्यांच्या देणग्यांचा इतिहास लांबचा आहे. तो सगळा येथे सांगत नाही. पण मुंबई उच्च न्यायालयातील एका निकालाची आठवण मराठी वाचकांना करून देणे मला आवश्यक वाटते. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीची उद्दिष्टे सांगणाऱ्या दस्तऐवजात, बदल करण्याची परवानगी मागितली, तेव्हा १९५७ मध्ये ती देताना मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला यांनी या पैशामुळे लोकशाहीच गुदमरू शकेल असा इशारा दिला आणि संसदेने याचा विचार करावा असे सुचवले. पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली, २०१३ च्या कंपनी कायद्याने गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के ही मर्यादा घातली, २०१७ मध्ये ती काढून टाकण्यात आली आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे योजना, म्हणजे बँकेकडून रोखे घेऊन नाव उघड न करता पक्षाला देणगी देण्याची योजना, घटनाबाह्य ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा जिवंत केली. त्या निकालाने कलम १३ए आणि २९सी मधील रोख्यांसाठीची गुप्ततेची सूटही रद्द केली आणि मतदाराला पक्षाचा देणगीदार कोण हे जाणण्याचा हक्क आहे, हे सांगितले. तो हक्क मान्य झाल्यावर वीस हजारांखालील सर्व देणग्यांबाबत मात्र तो नाही, हे तर्काला धरून नाही.

कंपन्यांच्या वजावटीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. २२ टक्क्यांचा सवलतीचा दर स्वीकारणाऱ्या कंपनीला ८०जीजीबी ची वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीतील व्यक्तीला ८०जीजीसी ची मिळत नाही. म्हणजे नव्या व्यवस्थेने ही वजावट एका अर्थी सोडूनच दिली आहे. मोठ्या कंपन्या देणगी देतात ती कर वाचतो म्हणून देत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही जुन्या प्रणालीत ही वजावट शंभर टक्के आणि अमर्याद ठेवलेली आहे, आणि अर्थसंकल्पासोबतच्या विवरणानुसार २०२२-२३ मध्ये या दोन कलमांमुळे सोडून दिलेला महसूल चार हजार कोटींच्या घरात होता. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख ठरलेल्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही या सवलती कलमांचे क्रमांक बदलून पुढे नेण्यात आल्या. संपूर्ण कायदा नव्याने लिहिला जात असताना त्या तपासून पाहण्याची संधी होती. ती घेतली गेली नाही.

पक्षांना करमाफी नकोच, असे म्हणणारे माझे काही मित्र आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. पक्ष हा व्यवसाय नाही, पक्षाशिवाय संसदीय लोकशाही चालत नाही, आणि पक्षांच्या वर्गणीवर कर बसवला तर सत्तेतील पक्षापेक्षा सत्तेबाहेरच्या पक्षांचे अधिक नुकसान होईल. करमाफी राहावी, पण ती घेणाऱ्याने देणगीदारनिहाय विवरण द्यावे, एवढी माझी मागणी आहे. हे अशक्य नाही, याचा पुरावा आपल्याच कायद्यात आहे. २०१३ च्या योजनेखालील निवडणूक न्यासांना, म्हणजे इलेक्टोरल ट्रस्टना, देणगीदाराचा पॅन नोंदवावा लागतो, मिळालेल्या रकमेचा ९५ टक्के भाग त्याच वर्षी पक्षांना वाटावा लागतो आणि कोणाकडून किती आले व कोणाला किती दिले याची यादी आयोगाला द्यावी लागते. न्यासाला जे जमते आणि तालुक्याच्या वाचनालयाला जे जमते, ते चार्टर्ड अकाउंटंट आणि संगणक यांची फौज बाळगणाऱ्या पक्षांना न जमण्याचे कारण नाही. लहान पक्षांसाठी आयोगाने एक सोपे संकेतस्थळ तयार करून द्यावे. पावती तेथूनच निघावी, तिच्यावरचा क्रमांक करदात्याने विवरणपत्रात लिहावा, आणि तो जुळला तरच वजावट मिळावी. वजावट निम्म्या रकमेची आणि उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, जशी ती धर्मादाय देणगीला आहे. वर्गणी रोख आणि निनावी घेण्याची मुभा राहावी, पण अशा रकमेचे प्रमाण विधी आयोगाने सुचवलेल्या वीस टक्क्यांच्या पुढे गेले, तर जास्तीच्या रकमेवर आम्ही भरतो त्याच दराने पक्षानेही कर भरावा. ज्यांचा निधी खरोखरच झोळीतून येतो अशा पक्षांना यातून सूट देण्यासाठी एकूण उत्पन्नाची एक किमान मर्यादा ठेवता येईल.

रोख दोन हजारांच्या तरतुदीला आव्हान देणाऱ्या एका याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये नोटीस काढली आहे, त्यामुळे हा विषय पुन्हा न्यायालयासमोर आला आहे. परंतु वजावटीची टक्केवारी, विवरणाचा नमुना आणि दंडाचे प्रमाण ठरवणे हे न्यायालयाचे काम नाही. ते संसदेचे आहे, आणि लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार आहेत. त्यांच्यापैकी कोणत्याही पक्षाच्या सदस्याने पुढील वित्त विधेयकावर बोलताना, ८०जी ला लागू असलेले देणगीदारनिहाय विवरण राजकीय पक्षांना लागू करणारी दुरुस्ती सुचवावी, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे. आपल्या वृत्तपत्रानेही या खासदारांना या एका दुरुस्तीबाबत त्यांची भूमिका विचारून ती पक्षनिहाय प्रसिद्ध करावी.

आपला विश्वासू,
एका सार्वजनिक वाचनालयाचा खजिनदार
जि. सातारा